घरात मेलेल्या उंदराचा वास येतोय, नऊ दिवस झाले, सापडत नाहीये – मदत हवी

पाऊसवेडी | ११ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. ठाण्यात जुन्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहतो, खाली किराणा दुकान आहे त्यामुळे उंदरांचा त्रास कायमचाच. जूनच्या शेवटी पेस्ट कंट्रोलवाला येऊन निळ्या रंगाच्या वड्या ओट्याखाली, माळ्यावर आणि बाथरूमच्या डक्टजवळ ठेवून गेला, म्हणाला काळजी करू नका ताई, खाल्लं की तहान लागून उंदीर बाहेर जाऊन मरतो. आणि २ तारखेपासून घरात वास सुरू झाला. आधी वाटलं कचऱ्याचा डबा असेल, मग फ्रिज रिकामा केला, ट्रॉल्या काढल्या, वॉशिंग मशीन आडवं करून बघितलं, सोफ्याखालचं कापड फाडलं, दिवाणातल्या सगळ्या गाद्या बाहेर काढल्या. काहीच नाही. आज नऊ दिवस झाले आणि वास कमी व्हायच्या ऐवजी वाढलाय. पाऊस इतका लागलाय की खिडक्या पण उघडता येत नाहीत धड.

सासूबाईंना दमा आहे, पंप घेतात. शेजारच्या काकू म्हणाल्या धूप घाल, कापूर जाळ, ते केलं तर सासूबाईंची रात्र अशी गेली की परत ती हिंमत नाही. त्यांच्या खोलीत सकाळी वास जास्त असतो, रात्री स्वयंपाकघरात जास्त. मला आता जेवण जात नाहीये, मुलगा शाळेतून आला की नाक धरून उभा राहतो. कुठे शोधू, कसं शोधू, प्लीज सांगा.

---

चुलीवरची_भाकर | ११ जुलै, रात्री ११:०५

ताई, बाकी सगळं नंतर, आधी गॅस तपासलात का? एलपीजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन घालतात आणि त्याचा वास कुजल्यासारखाच असतो. माझ्या जावेकडे चार दिवस सगळे उंदीर शोधत होते आणि रेग्युलेटरजवळची नळी चिरलेली निघाली. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साचतो, म्हणून वाकल्यावर जास्त येत असेल तर लगेच रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, कुठलंही बटण चालू-बंद करू नका आणि गॅस गळतीच्या १९०६ हेल्पलाईनवर फोन करा. शंका असेल तर साबणाचं पाणी नळीवर लावून बघा, बुडबुडे आले की कळलं.

---

पाऊसवेडी | ११ जुलै, रात्री ११:२५

आत्ताच बघितलं, साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे नाहीत. आणि वास वरून येतोय असं वाटतं, खालून नाही. पण बरं झालं सांगितलंत, हे डोक्यातच आलं नव्हतं.

---

डोंगरवाट | १२ जुलै, सकाळी ७:१०

बाथरूमची जाळी पण बघून घ्या. नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या खोलगट भागातलं, पाणी सुकलं की गटाराचा वास थेट घरात येतो. न वापरातल्या बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता, तासाभरात फरक पडला तर उंदीर नाहीच. आणि बटाट्याची टोपली. एक सडका बटाटा ट्रॉलीच्या मागे पडला तर मेलेल्या जनावरासारखाच वास मारतो, खोटं नाही सांगत.

---

पिंजरेवाला | १२ जुलै, सकाळी ९:३०

मी अठरा वर्षं पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात होतो, आता बंद केलंय, म्हणून स्पष्ट लिहितो. ते "तहान लागून बाहेर जाऊन मरतो" हे खरं नाही. आमच्या धंद्यात सगळे सांगतात, मी पण सुरुवातीला सांगायचो, मला शिकवलं होतं तसंच. त्या वड्यांमध्ये बहुतेक वेळा ब्रोमॅडिओलोन असतं, ०.००५ टक्के. ते रक्त गोठू देत नाही, आतल्या आत रक्तस्राव होऊन उंदीर मरतो आणि त्याला तीन ते सात दिवस लागतात. म्हणजे खाल्ल्यावर तो तीन-चार दिवस तुमच्याच घरात हिंडतो, मग अशक्त होतो, आणि अशक्त जनावर कुठे जाणार, आपल्या बिळात, घरट्यात, जिथे त्याला सुरक्षित वाटतं तिथे. माळ्याच्या मागे, फॉल्स सीलिंगवर, पाईपच्या खोबणीत. नेमकं जिथे आपला हात पोचत नाही तिथे.

म्हणून माझं आता ठाम मत आहे की राहत्या घरात आत औषध ठेवूच नये. पिंजरा लावा नाहीतर चाप लावा. मेलेला किंवा पकडलेला उंदीर डोळ्यासमोर असतो, शोधावा लागत नाही. औषध ठेवायचंच तर बाहेर, डक्टमध्ये, बंद पेटीत.

ताई, तुमच्या घरात आत्ता किती वड्या ठेवल्यात त्या मोजून आधी उचला. मुलगा आहे म्हणता. कुणाच्या पोटात चुकून गेलं तर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, डॉक्टरला पाकीट दाखवायचं. आणि त्या ट्यूबमधल्या पेस्टच्या नादाला तर कुणीच लागू नका, त्यात ३ टक्के पिवळा फॉस्फरस असतो, लिव्हर जातं आणि त्याला उतारा नाही. दुकानात इतकी सहज मिळते ती की मला अजून वाईट वाटतं.

आता शोधायचं कसं. संध्याकाळी लिहितो, आत्ता कामावर निघालोय.

---

सुरणाची_वाडी | १२ जुलै, दुपारी १:१५

ताईंच्या प्रश्नाचं हे उत्तर नाही, पण कोकणातल्या लोकांसाठी लिहून ठेवतो. आमच्याकडे राजापूरला पहिला पाऊस पडला की एकदा हमखास असा वास सुटतो. माझी बायको घाटावरची, लग्नानंतरच्या पहिल्या जूनमध्ये तिने दोन दिवस सगळं घर उपसलं, पडवी, माळा, भाताची कणगी. मागच्या दारी सुरणाचं फूल आलं होतं. ते फूल जांभळट, जमिनीतून थेट वर येतं, पान नसतं तेव्हा, आणि वास अगदी सडक्या मांसाचा. माश्या आणि भुंगेरे यावेत म्हणून झाडच तो वास सोडतं, त्यांच्याकडूनच परागीभवन होतं. दोन दिवसात जातो वास. तर गावच्या घरी जूनमध्ये घर उपसण्याआधी परसात एक फेरी मारा.

---

पिंजरेवाला | १२ जुलै, रात्री ८:५०

आलो. ताई नीट वाचा.

आपलं नाक पाच-दहा मिनिटात वासाला सरावतं, म्हणून घरात बसून शोधलं की सगळीकडे सारखाच वाटतो. उद्या सकाळी सगळे पंखे, एसी, एक्झॉस्ट बंद. प्रत्येक खोलीचं दार बंद करून दोन तास सगळेजण बाहेर जा, सासूबाईंना पण घेऊन जा. परत आल्यावर एकटीने एकेक दार उघडायचं, आत जाऊन पहिले दोन-तीन श्वास, तेवढ्यावरच अंदाज बांधायचा. मग बाहेर, जिन्यात जाऊन मोकळा श्वास, मग पुढची खोली. त्या खोलीत मग उंचीने शोधायचं, जमिनीजवळ, कमरेजवळ, स्टुलावर चढून छताजवळ.

तुम्ही लिहिलंय सकाळी सासूबाईंच्या खोलीत आणि रात्री किचनमध्ये. रात्री स्वयंपाकाच्या वेळी एक्झॉस्ट चालू असतो ना? तो हवा ओढतो, त्यामुळे वास किचनमध्ये येतो, पण उंदीर किचनमध्ये असेलच असं नाही. तुम्ही नऊ दिवस बहुतेक हवेच्या मागे फिरताय.

दुसरं, माश्या. निळ्या-हिरव्या चकाकणाऱ्या मोठ्या माश्या घरात दिसतायत का, आणि कुठल्या खिडकीवर, कुठल्या लाईटजवळ बसतायत ते बघा. अंडी घालायला त्या माझ्यापेक्षा आधी पोचतात. तिसरं, छतावर पिवळट तपकिरी डाग. चौथं, भिंतीतली सगळी भोकं, स्विचबोर्ड, एसीच्या पाईपचं भोक, गिझरच्या मागचं भोक, तिथे नाक नेऊन बघा.

---

जर्सीकर | १२ जुलै, रात्री १०:००

इकडे भिंती पोकळ असतात, त्यामुळे हे प्रकरण आम्हाला दर हिवाळ्यात. मोबाईलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा मिळतो, लांब वायर आणि टोकाला लाईट, आता तिकडेही ऑनलाईन मिळतो. एक बोटभर भोक पाडून आत घातला की भिंतीच्या आत, सीलिंगवर सगळं दिसतं. तोडफोड करण्याआधी तो घ्या. ओझोन मशीनच्या जाहिराती दिसतील, घेऊ नका, फुफ्फुसाला त्रास होतो त्याने आणि तुमच्याकडे तर दमा आहे.

---

आजीचा_बटवा | १३ जुलै, सकाळी ६:३०

माझ्या आजेसासूबाईंना घरात उंदीर मेला की रात्रभर झोप लागायची नाही. त्यांच्या सासरी प्लेगच्या आठवणी होत्या, त्या म्हणायच्या, "उंदीर पडला की घर सोडायचं." १८९६ ला मुंबईत मांडवीत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात, तेव्हा लोक गावाबाहेर झोपड्या टाकून राहिले. उंदीर पडणे हा शब्दच त्यातून आलाय, घरात समोर येऊन गिरकी खाऊन उंदीर मरायचे आणि मग त्यांच्या अंगावरच्या पिसवा माणसांकडे यायच्या. पिसवांचं कारण सायमंड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ ला कराचीत शोधून काढलं.

घाबरवायला लिहीत नाहीये, औषध खाऊन मेलेला एक उंदीर म्हणजे प्लेग नव्हे. पण दोन गोष्टी मात्र त्या काळच्या अजून खऱ्या आहेत. मेलेलं जनावर गार झालं की पिसवा त्याला सोडतात, म्हणून उघड्या हाताने कधीच उचलू नये. आणि कुणीही औषध ठेवलेलं नसताना एकाच भागात बरेच उंदीर उघड्यावर मरून पडलेले दिसले तर झाडून टाकून गप्प बसू नये, महापालिकेच्या आरोग्य खात्याला कळवावं. १९९४ ला बीड जिल्ह्यातल्या मामल्यात आणि सुरतेत प्लेगने काय झालं ते आमच्या पिढीने बघितलंय.

---

पाऊसवेडी | १३ जुलै, दुपारी १२:२०

पिंजरेवाला दादा, तुम्ही सांगितलं तसंच केलं. सगळ्यांना नणंदेकडे पाठवलं, मी पण खाली दुकानात बसले दोन तास. परत येऊन किचन उघडलं, जवळजवळ काहीच नाही. हॉल, काही नाही. सासूबाईंच्या खोलीचं दार उघडलं आणि एकदम भपकाराच आला. मग स्टूल घेऊन फिरले आणि दारामागच्या स्विचबोर्डजवळ नाक नेलं तर तिथून येतोय! अक्षरशः स्विचच्या फटीतून गार हवा येतेय आणि त्यात तो वास. बोर्डमध्ये उंदीर कसा जाईल? एवढासा तर आहे. काय करू, उघडू का?

---

पिंजरेवाला | १३ जुलै, दुपारी १२:३२

उघडू नका!! मेन बंद केल्याशिवाय हात लावू नका, आणि उघडून उपयोग पण नाही, उंदीर त्यात नाहीये. त्या बोर्डमधून वायरीचा पाईप भिंतीतून वर जातो तो जिथे संपतो तिथे आहे. पाईप फक्त वास वाहून आणतोय. त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे? पॅसेज? पॅसेजला पीओपीचं फॉल्स सीलिंग आहे का?

---

पाऊसवेडी | १३ जुलै, दुपारी १२:४०

हो. पॅसेजला पीओपी, आणि त्याला लागून बाथरूमचा माळा. आणि आता तुम्ही म्हणताय तर पॅसेजच्या लाईटभोवती दोन-तीन दिवस माश्या असतात, मी रोज मारतेय त्या.

---

पिंजरेवाला | १३ जुलै, दुपारी १२:४६

तिथेच आहे. पीओपी फोडू नका अजून. ती गोल एलईडी लाईट असेल तर स्प्रिंगवर असते, मेन बंद करून ओढली की खाली येते. त्या भोकातून मोबाईल वर करून टॉर्च लावून चारी बाजूंनी व्हिडिओ काढा. इलेक्ट्रिशियन बरोबर असेल तर उत्तम, कारण मेलेला उंदीर वायरीजवळ असेल तर वायर कुरतडलेली असू शकते. मास्क, रबरी हँडग्लोव्हज, गॉगल घाला, वर बघताना डोळ्यात काहीही पडतं.

---

पाऊसवेडी | १३ जुलै, रात्री ९:१५

सापडला. सापडला!

इलेक्ट्रिशियन दादांनी लाईट काढली, व्हिडिओ काढला, जंक्शन बॉक्सच्या मागे दोन फुटांवर पडलेला. चांगला मोठा, शेपटीसकट फूटभर असेल. त्याच्याजवळ कापसाचा आणि कागदाचा ढीग, आमच्या माळ्यावरच्या जुन्या गोधडीचा कापूस होता तो, ओळखला मी. हात पोचेना म्हणून शेवटी तिथलं पीओपी चौकोनी कापावं लागलं. खालून पीओपी ओला झाला होता, डाग अजून बाहेर आला नव्हता पण आतून पूर्ण मऊ. दोन वायरी सोललेल्या निघाल्या, दादा म्हणाले पावसात ओल आली असती तर शॉर्ट झालं असतं.

सासूबाईंना आजची रात्र नणंदेकडेच ठेवलंय. मी आज अकरा दिवसांनी पोटभर जेवले. उंदीर दोन पिशव्यांत बांधून ठेवलाय. आता पुढे काय करू? वास अजून आहे, कमी आहे पण आहे.

---

मासळीबाजार | १३ जुलै, रात्री ९:५०

मी केमिस्ट्री शिकवते, थोडं सविस्तर लिहिते कारण इथे बरेच जण सगळं एकाच बादलीत ओततात.

कुजताना प्रथिनांचे तुकडे होऊन जे वास येतात त्यातले दोन मुख्य म्हणजे पुट्रेसिन आणि कॅडॅव्हरिन. ब्रीगर नावाच्या बर्लिनच्या डॉक्टरने १८८५ च्या सुमारास ते ओळखले. दोन्ही अल्कधर्मी आहेत. मासळीच्या हिवसपणाला आपण लिंबू, चिंच, कोकम लावतो ते ह्याच तत्त्वावर, आम्ल लागलं की त्या पदार्थाचं मीठ होतं आणि मीठ हवेत उडत नाही म्हणून वास येत नाही. त्यामुळे ह्या वासाला खाण्याच्या सोड्यापेक्षा व्हिनेगर किंवा पाण्यात विरघळवलेलं लिंबूसत्व जास्त कामाचं. सोडा आम्लधर्मी वासांवर चालतो, ते पण थोडे असतातच कुजताना, पण मुख्य काम आम्लाचं.

पण क्रम पाळा. आधी जंतू मारायचे. घरगुती ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग, त्या जागेवर ओलं करून किमान पाच मिनिटं ठेवा. लेंड्या असतील तर कोरड्या झाडू नका, धूळ श्वासात जाते, आधी भिजवा मग कागदाने उचला. वायरींवर ओतू नका, कापड पिळून घ्या, मेन बंद. मग साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसून काढा, पूर्ण वाळू द्या, आणि मग दुसऱ्या दिवशी व्हिनेगर. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, टॉयलेट क्लीनरबरोबर पण तसंच, आणि तुमच्या घरात दमा आहे म्हणून हे दोनदा लिहितेय. आणि कडप्प्यावर किंवा मार्बलवर व्हिनेगर लावू नका, दगड चुनखडीचा असतो, डाग पडतात कायमचे.

हवेतल्या वासासाठी अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल. माशांच्या टाकीचं सामान मिळतं त्या दुकानात सुटा मिळतो, जुन्या मोज्यात भरून पीओपीच्या वर टांगा. चुलीच्या कोळशाने तितकं होत नाही. रूम फ्रेशनर, अगरबत्ती, डांबरगोळ्या, काहीही नको, त्याने वास जात नाही, वासावर वास चढतो आणि आजींना त्रास वेगळा.

---

पिंजरेवाला | १३ जुलै, रात्री १०:१०

मॅडमनी सगळं लिहिलं. मी एवढंच, ओला झालेला पीओपी पुसू नका, कापून टाका. त्यात जे मुरलंय ते कशानेही निघत नाही. डागाच्या चारी बाजूंनी अजून वीतभर जास्त कापा. तो कापूस, घरटं, माळ्यावरची ती गोधडी सगळं बांधून टाका. आणि पिशवी घंटागाडीत देताना आत काय आहे ते सांगून द्या, त्या ताई हाताने पिशव्या फोडून कचरा वेगळा करतात.

---

हिरवी_गाडी | १४ जुलै, सकाळी ८:००

माझ्या गाडीत एसी लावला की असाच वास येतोय, पार्किंगला पावसात चार दिवस उभी होती. इथेच विचारू का नवा धागा काढू?

---

डोंगरवाट | १४ जुलै, सकाळी ८:२०

ग्लोव्ह बॉक्स काढा, त्याच्या मागे एसीचा केबिन फिल्टर असतो, त्यावर किंवा ब्लोअरमध्ये असेल. इंजिनच्या कव्हरखाली पण बघा, उंदीर उबेला येऊन बसतात. तोवर एसी लावू नका.

---

पाऊसवेडी | १९ जुलै, रात्री ९:४०

उशिरा लिहितेय, घरात काम चालू होतं. पीओपी दीड फूट बाय एक फूट कापला. ब्लीच, पाणी, मग दुसऱ्या दिवशी व्हिनेगर, तसंच केलं. चारकोलचे चार मोजे टांगलेत. १५ तारखेला अजून थोडा होता, १७ ला फक्त सासूबाईंच्या खोलीत पडद्यांना आणि उशांना होता, ते धुतले, गाद्यांचं ऊन्हाचं काही जमलं नाही पावसात पण पंख्याखाली उभ्या करून ठेवल्या. आज नाही. मी जिन्यात जाऊन परत आत येऊन तीनदा बघितलं, नाहीये.

वड्या मोजल्या. पेस्ट कंट्रोलवाल्याने बारा ठेवल्या होत्या, मला नऊच सापडल्या. म्हणजे तीन खाल्ल्या गेल्यात. दादा, ह्याचा अर्थ अजून उंदीर आहेत मेलेले?

---

पिंजरेवाला | १९ जुलै, रात्री १०:०५

असं नाही, एकच उंदीर दोन-तीन वड्या कुरतडतो, तुकडे घरट्यात पण नेऊन ठेवतो. आधीच्या वड्या खाल्ल्याला आता पंधरा दिवस होऊन गेले, अजून कुठे मेलेला असता तर पहिला काढल्यावर दुसऱ्याचा वास जाणवला असता. कापलेल्या भागातून अजून एकदा टॉर्चने कोपरे बघा, वडीचे निळे तुकडे असतील तर उचला.

आता तो आला कुठून ते भोक बंद करा, नाहीतर दिवाळीपर्यंत परत हाच धागा वर येईल. बाथरूमच्या माळ्यावर डक्टच्या बाजूला पाईप बाहेर जातो तिथे बघा. उंदराला अर्धा इंच फट पुरते, पिल्लाला त्याहून कमी. फोम मारू नका, एका रात्रीत कुरतडतात. बारीक जाळी दाबून बसवा आणि वरून सिमेंट.

---

पाऊसवेडी | २० जुलै, दुपारी ३:३०

होतं. पाईपच्या वरच्या बाजूला, मुठीएवढं. प्लंबरने वीस वर्षांपूर्वी पाईप घालताना फोडलं असेल ते तसंच राहिलं होतं, आम्ही घर घेतलं तेव्हापासून कुणी तिथे वाकून बघितलंच नाही. आज गवंडी येऊन जाळी घालून बंद करून गेला. खालच्या दुकानवाल्या काकांना पण सांगितलं, ते म्हणाले त्यांच्या बाजूने डक्टमध्ये पेटी लावू, आम्ही निम्मे पैसे देणार आहोत. घरात आता फक्त पिंजरा, सुक्या बोंबलाचा तुकडा लावून.

सासूबाई आज सकाळी परत आल्या. आल्या आल्या खोलीत जाऊन पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, फोडणीचा वास येतोय गं, काय करतेयस? वांग्याचं भरीत करत होते.